वाचकांचे प्रश्न : आडवाटेच्या गाडीसाठी भरवशाचे डिझेल इंजिन

पावसाळा ओसरू लागला की फोर बाय फोर, म्हणजे चारही चाकांना ताकद देणाऱ्या, गाड्यांविषयीची पत्रे वाढतात. या महिन्यात आलेल्या पत्रांमध्ये डिझेल इंजिनाविषयीचे प्रश्न सर्वांत जास्त आहेत. कोणते इंजिन टिकते, कोणते फसवते, जुने बरे की नवे, ही विचारणा निरनिराळ्या शब्दांत पुन्हा पुन्हा आली आहे, म्हणून सदराची सगळी जागा या वेळी त्याच विषयाला दिली आहे. पत्रे लांब असल्याने प्रश्नाचा गाभा तेवढा ठेवला आहे.

प्रश्न : भोर तालुक्यात आमची शेती आहे. डांबरी रस्त्यापासून शेतघरापर्यंत चढणीची कच्ची वाट आहे आणि पावसाळ्यात तिथे ट्रॅक्टरखेरीज काही जात नाही. बियाणे, खताची पोती आणि घरची माणसे नेण्यासाठी जुनी फोर बाय फोर गाडी घ्यायची आहे. महिंद्राच्या तीन गाड्या पाहिल्या : प्यूजो इंजिनाची एमएम ५४०, डीआय (थेट फवारणीच्या) इंजिनाची एमएम ५५० आणि २०१२ सालची थार सीआरडीई. आपलेच इंजिन सर्वांत भरवशाचे असे प्रत्येक मालक सांगतो. कोणावर विश्वास ठेवावा? (एक वाचक, भोर)

उत्तर : तिघांपैकी कोणी खोटे बोलत असेल असे नाही, कारण तिन्ही इंजिने आपापल्या कामात चांगली आहेत. आपण आधी आपले काम नीट पाहावे. आपली वाट छोटी, चढाची, चिखलाची आहे आणि गाडीत ओझे असणार आहे. अशा वाटेवर इंजिन बहुतेक वेळ मिनिटाला १२०० ते २००० फेऱ्यांच्या दरम्यान चालते. तेवढ्या फेऱ्यांत ते किती ओढते, हे पाहायचे. कमाल अश्वशक्तीचा आकडा त्याच्या दुप्पट फेऱ्यांवर मिळत असेल, तर त्या चढावर तो आपल्या उपयोगी पडत नाही.

एमएम ५४० मधले प्यूजोचे एक्सडीपी ४.९० हे इंजिन २११२ सीसीचे आहे. त्याची सुमारे ६२ अश्वशक्ती मिनिटाला ४५०० फेऱ्यांवर मिळते आणि कमाल ओढ (टॉर्क) १२१ न्यूटन-मीटर आहे. त्याचे घराणे मोटारींचे, त्यामुळे ते तुलनेने शांत चालते. त्यात डिझेल आधी हेडमधल्या, म्हणजे सिलिंडरांवरच्या झाकणातल्या, एका लहान कप्प्यात पेटते आणि तिथून ज्वाळा सिलिंडरमध्ये येते. या रचनेमुळे आवाज कमी होतो, पण थंडीत सुरू होण्यासाठी चारही हीटर प्लग धड असावे लागतात, आणि हेडवर उष्णतेचा ताण जास्त पडतो. असे इंजिन एकदा जरी बेफाम तापले असेल, तर हेडला चीर गेली असण्याची शंका घ्यावी. त्याचे सुटे भाग आता शोधावे लागतात.

डीआय इंजिनाचे मूळ इंटरनॅशनल हार्वेस्टर कंपनीच्या ट्रॅक्टर इंजिनात आहे, आणि त्याच्या मापांतही ते दिसते : साडेतीन इंच बोअर (सिलिंडरचा व्यास), चार इंच स्ट्रोक (पिस्टनची धाव), एकूण २५२३ सीसी. बिडाचा जाड ब्लॉक, लांब स्ट्रोक, थेट सिलिंडरमध्ये फवारले जाणारे डिझेल. ते आवाज करते, थरथरते आणि महामार्गावर वेग वाढवला की कान किटवते. मात्र त्याची ओढ खालच्या फेऱ्यांत आहे. पुढे याच घराण्यातले टर्बो (जादा हवा कोंबणारा पंखा) लावलेले इंजिन थार डीआयमध्ये आले. त्याची शक्ती जेमतेम ६३ अश्वशक्ती होती, पण १८२.५ न्यूटन-मीटरची ओढ १५०० ते १८०० फेऱ्यांतच मिळत होती. एमएम ५५० मधल्या बिनटर्बोच्या इंजिनाकडून एवढ्या आकड्याची अपेक्षा करू नये, पण स्वभाव तोच आहे. आणखी एक गोष्ट मला त्याहून मोलाची वाटते. हेच घराणे कमांडर, मार्शल, बोलेरो आणि मालवाहू पिकअपमध्ये वर्षानुवर्षे चालले, त्यामुळे ते उघडून पुन्हा बांधणारा मेस्त्री तालुक्याच्या गावी मिळतो आणि त्याच्या गास्केट, रिंगा, बेअरिंगसाठी पुण्याला फोन करून आठवडाभर वाट पाहावी लागत नाही.

थार सीआरडीईचे इंजिन २४९८ सीसीचे. १०५ अश्वशक्ती आणि १८०० ते २००० फेऱ्यांत २४७ न्यूटन-मीटर, म्हणजे ताकदीत ते या दोघांच्या फार पुढे आहे. रोज पुणे-भोर ये-जा असती, तर मी तेच घ्या म्हटले असते. पण ते कॉमन रेलचे, म्हणजे एकाच उच्च दाबाच्या नळीतून सगळ्या इंजेक्टरना डिझेल देणारे, संगणकी इंजिन आहे. कॉमन रेलच्या इंजेक्टरमध्ये डिझेलचा दाब हजार बारच्या वर जातो आणि जुन्या यांत्रिक पंपाच्या नोझल त्याच्या अंशभर दाबावर उघडतात. म्हणून शेतावरच्या पिंपात साठवलेल्या डिझेलमधले पाणी आणि गाळ जुने इंजिन काही काळ सोसते, नवे सोसत नाही. शिवाय गाडी शेडमध्ये पंधरा दिवस उभी राहिली आणि उंदरांनी वायरिंग कुरतडले, तर यांत्रिक पंपाचे इंजिन तरीही चालू करता येते. संगणकावर चालणारे इंजिन एका तुटलेल्या सेन्सरच्या तारेमुळे जागचे हलत नाही. कोकणात आणि मावळात हा उंदरांचा उपद्रव किती आहे, ते आपण जाणताच.

तेव्हा आपल्या कामासाठी माझे मत डीआयच्या बाजूने आहे. पण हे मत इंजिनाच्या जातीविषयी झाले. आपण विकत घेणार आहात ते एक ठरावीक, वापरलेले इंजिन, आणि त्याची प्रकृती जातीपेक्षा अधिक महत्त्वाची आहे. खराब डीआयपेक्षा निगुतीने वापरलेले एक्सडीपी केव्हाही चांगले. म्हणून तपासणी कशी करावी ते सविस्तर सांगतो.

गाडी पाहायला सकाळी लवकर जावे आणि आपण पोहोचेपर्यंत गाडी सुरू करू नका, असे मालकाला आदल्या दिवशीच सांगून ठेवावे. गेल्यावर प्रथम बॉनेट उघडून ब्लॉकला हात लावावा. तो कोमट लागला, तर इंजिन आधीच गरम करून ठेवले आहे आणि थंड अवस्थेत ते नीट सुरू होत नसावे, असे समजावे. इंजिन थंड असतानाच रेडिएटरचे झाकण उघडून आत पाहावे. पाण्यावर तेलाचा तवंग दिसला किंवा ऑइलची पट्टी काढल्यावर ऑइल दुधाळ दिसले, तर पाणी आणि ऑइल कुठेतरी एकमेकांत मिसळत आहेत, म्हणजे बहुधा हेड गास्केट गेले आहे किंवा हेडला चीर आहे. पाणी नुसते गंजके तांबडे असेल, तर कूलंट न घालता वर्षानुवर्षे विहिरीचे किंवा बोअरचे पाणी ओतलेले आहे. आपल्याकडच्या क्षारयुक्त पाण्याने रेडिएटरच्या नळ्या आतून बुजतात आणि ब्लॉकमध्ये थर बसतो, त्यामुळे असे इंजिन चढावर तापणार, हे गृहीत धरावे.

मग इंजिन सुरू करावे. थंड इंजिनातून पहिल्या क्षणी थोडा पांढरा धूर येऊन तो विरला, तर काळजी नको. पांढरा धूर येतच राहिला, तर एखाद्या सिलिंडरमध्ये डिझेल नीट जळत नाही किंवा पाणी शिरत आहे. निळा धूर म्हणजे ऑइल जळत आहे. काळा धूर बहुधा पंप किंवा नोझलच्या बिघाडामुळे, नाहीतर तुंबलेल्या एअर फिल्टरमुळे येतो आणि त्यावरचा खर्च त्या मानाने कमी असतो. इंजिन मंद गतीत चालू असताना ऑइल भरण्याचे झाकण सैल करून तोंडावर नुसते उलटे ठेवावे. चांगल्या इंजिनावर ते थरथरत जागच्या जागी राहते. ते उड्या मारत बाजूला फेकले गेले आणि तोंडातून धुराचे लोट येऊ लागले, तर सिलिंडरमधला दाब रिंगांवरून खाली उतरत आहे. मालक मग पिकअपच्या कितीही गोष्टी सांगो, त्या इंजिनाला बोअरिंगचे काम निघाले आहे.

एवढ्यावर समाधान झाले, तर गाडी घाटात न्यावी. वरंध किंवा खंबाटकी आपल्याला जवळ आहेच. अर्धा तास चढावर चालवून तापमानाचा काटा पाहावा. उतारावर गिअरमध्ये गाडी येऊ देऊन मग ॲक्सिलरेटर दाबताच मागे निळा झोत निघाला, तर व्हॉल्व्हचे गाइड आणि सील झिजले आहेत. इंजिन चांगले गरम झाल्यावर मंद गतीत ऑइलच्या दाबाचा काटा किती खाली येतो, तेही पाहावे. इंजिन थंड असताना दाब सर्वांचाच चांगला दिसतो. शेवटी शंभर-दोनशे रुपयांचा विचार न करता गॅरेजमध्ये चारही सिलिंडरचे कॉम्प्रेशन मोजून घ्यावे. आकडा इंजिनागणिक वेगळा असतो, पण चारांमधला फरक दहा टक्क्यांच्या आत असावा. तीन सिलिंडर ठीक आणि एक पडलेला, हे सर्वांत वाईट लक्षण.

कागदपत्रांविषयी थोडक्यात. ब्लॉकवरचा इंजिन क्रमांक आरसी बुकशी स्वतः ताडून पाहावा. पंधरा वर्षांवरील गाडीचे नोंदणी-नूतनीकरण पाच-पाच वर्षांनी होते आणि महाराष्ट्रात त्यासोबत हरित कर भरावा लागतो. तो भरलेला आहे का, हे सौदा होण्यापूर्वीच विचारावे.

प्रश्न : वडिलांची एमएम ५४० आमच्याकडे आहे. तिचे इंजिन आता बसले आहे. गॅरेजवाला म्हणतो की हे बांधण्यात पैसे घालू नका, त्यात इनोव्हाचे किंवा स्कॉर्पिओच्या एमहॉकचे जुने इंजिन बसवून देतो, ताकद दुप्पट होईल. असे करावे का? (एक वाचक, चिपळूण)

उत्तर : करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे, आणि त्याची कारणे भावनेची नसून यंत्राची आणि कायद्याची आहेत.

गाडीतला प्रत्येक भाग दुसऱ्या भागाकडे पाहून ठरवलेला असतो. आपल्या गाडीचा क्लच, गिअरबॉक्स, ट्रान्सफर केस, प्रॉपेलर शाफ्ट आणि ॲक्सल हे १२१ न्यूटन-मीटर ओढीच्या इंजिनामागे बसवलेले आहेत. इनोव्हाचे २४९४ सीसीचे इंजिन २०० देते आणि २००८ मध्ये स्कॉर्पिओत आलेले पहिले एमहॉक २९० देत होते. साध्या रस्त्यावर हा फरक कदाचित पचेल. पण आडवाटेवर आपण लो रेशो, म्हणजे ट्रान्सफर केसमधला वेग कमी करून ओढ वाढवणारा जादा गिअर, लावता. उदाहरणादाखल पहिला गिअर चारपट आणि लो रेशो अडीचपट धरला, तर इंजिनाची ओढ प्रॉपेलर शाफ्टपर्यंत दहापट होऊन पोहोचते. म्हणजे जिथे सुमारे १२०० न्यूटन-मीटर येत होते, तिथे २९०० येणार. चाक चिखलात घसरत असेल, तर ही ताकद फुकट जाते आणि काही तुटत नाही. चाक दोन दगडांमध्ये अडकून घट्ट धरले गेले असताना आपण ॲक्सिलरेटर दाबला, की ॲक्सल शाफ्ट किंवा क्राउन-पिनियनचे दात जातात. हे नेहमी अशाच जागी घडते जिथून गाडी ओढून आणायला दुसरी गाडीही जात नाही.

दुसरा प्रश्न थंडाव्याचा. जास्त ताकद म्हणजे जास्त उष्णता, आणि एमएम ५४० च्या नाकाडात मोठा रेडिएटर, इंटरकूलर आणि पंखा यांना जागा काढताना लोक काहीतरी कापतात किंवा पंखा रेडिएटरपासून दूर ठेवतात. ताशी ५ किलोमीटर वेगाने दगडातून चढताना समोरून वारा लागत नाही, सगळी भिस्त पंख्यावर असते. इंजिन बदललेल्या गाड्यांच्या ज्या तक्रारी या सदराकडे येतात, त्यांत तापण्याची तक्रार सर्वांत जास्त असते. त्याखालोखाल वायरिंगची. कॉमन रेल इंजिनासोबत त्याचा संगणक, सेन्सर, ॲक्सिलरेटर पेडल आणि बहुधा किल्लीतले इमोबिलायझरही (चोरी रोखणारी यंत्रणा) आणावे लागते. ज्याने ही जोडणी केली त्याच्याखेरीज दुसऱ्या कोणाला ती कळत नाही, आणि तो मेस्त्री उद्या गाव सोडून गेला की आपली गाडी पोरकी होते. आपण भरवशासाठी इंजिन बदलणार आणि हाती येणार ती एकाच माणसाला दुरुस्त करता येणारी गाडी.

तिसरी गोष्ट कायद्याची. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणी प्रमाणपत्रातला तपशील आणि कंपनीने मूळ ठरवलेला तपशील यांच्याशी विसंगत होईल असा बदल मालकाला करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हे कलम काटेकोरपणे लागू केले आहे. इंजिन बदलायचेच तर आरटीओची परवानगी आणि नव्या क्रमांकाची नोंद लागते, आणि दुसऱ्या कंपनीचे, दुसऱ्या क्षमतेचे इंजिन असेल तर ती मिळण्याची आशा धरू नये. नोंद नसलेल्या इंजिनाच्या गाडीला अपघात झाला, तर विमा कंपनीला दावा नाकारायला आयतेच कारण मिळते. त्या अपघातात दुसऱ्या कोणाला इजा झाली असेल, तर भरपाईचा भार आपल्यावर येऊ शकतो. गॅरेजवाला ‘कोणी विचारत नाही’ म्हणतो, ते नाक्यावर उभ्या हवालदारापुरते खरे आहे.

आपण आहे ते इंजिन बांधून घ्यावे. ब्लॉक मशीन शॉपमध्ये पाठवून बोअर मोजून घ्यावा, हेडची चीर-चाचणी आणि सपाटी तपासून घ्यावी, क्रॅंक ग्राइंडिंगला किती वाव उरला आहे ते विचारावे. या तीन उत्तरांवर निर्णय ठरतो. हेड आणि क्रॅंक वाचत असतील, तर काम निश्चित करावे. पंप आणि नोझल त्याच वेळी कॅलिब्रेशनला द्याव्यात. नव्या रिंगांवर जुन्या थेंबगळत्या नोझल बसवल्या, तर डिझेल सिलिंडरच्या भिंतीवरचे ऑइल धुऊन काढते आणि केलेले काम वर्षभरात वाया जाते. रेडिएटरही नवा किंवा निदान उघडून साफ केलेला असावा. खर्च वाचवण्यासाठी नेमके हेच शेवटचे दोन आकडे लोक अंदाजपत्रकातून खोडतात.

प्रश्न : नवी फोर बाय फोर डिझेल गाडी घ्यायची आहे. आठवडाभर शहरात ऑफिसला ये-जा आणि महिन्यातून एक-दोनदा मुळशी-ताम्हिणीच्या बाजूला आडवाटेने भटकंती, असा वापर राहील. थार आणि गुरखा यांपैकी कोणाचे इंजिन अधिक विश्वासार्ह? बीएस-६ डिझेलचा फिल्टर तुंबतो असे ऐकून धास्ती वाटते. (एक वाचक, कोथरूड, पुणे)

उत्तर : दोन्ही इंजिने मुळात सशक्त आहेत. २०२० मध्ये आलेल्या थारचे २१८४ सीसीचे इंजिन १३० अश्वशक्ती आणि ३०० न्यूटन-मीटर देते आणि ते त्याच एमहॉक घराण्यातले आहे जे स्कॉर्पिओतून देशभर धावले. गुरखाच्या २५९६ सीसीच्या इंजिनाचे मूळ मर्सिडीजच्या ओएम ६१६ या डिझेल इंजिनात आहे. आकुर्डीच्या बजाज टेम्पोने, म्हणजे आजच्या फोर्स मोटर्सने, त्या घराण्यातली इंजिने ट्रॅक्ससारख्या गाड्यांत वापरली आणि खेडोपाडी ती अतोनात ओझ्याखाली चालली. २०२४ पासून गुरखाला त्याच क्षमतेत १४० अश्वशक्ती आणि ३२० न्यूटन-मीटर मिळतात. त्याआधीचे ९० अश्वशक्तीच्या आसपासचे रूप अधिक निवांत होते. केवळ आडवाटेचा विचार केला, तर दोन्ही ॲक्सलना चालकाच्या हाताने लागणारे डिफरन्शियल लॉक (ॲक्सलची दोन्ही चाके एकत्र फिरवणारी कळ) ही गुरखाची मोठी जमेची बाजू आहे. रोजच्या शहरी वापरात थार चालवायला सोपी पडते आणि तिची सेवा-केंद्रेही जास्त आहेत.

पण आपल्या बाबतीत खरा प्रश्न आपल्या पत्रातल्या शेवटच्या वाक्यात आहे. १ एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या बीएस-६ या प्रदूषण मानकांमुळे डिझेल गाडीच्या धूरनळीत काजळी अडवणारा फिल्टर, म्हणजे डीपीएफ, आला. अडवलेली काजळी ठरावीक काळाने जाळून टाकावी लागते आणि त्यासाठी फिल्टरमध्ये सुमारे ६०० अंश सेल्सियस तापमान यावे लागते. महामार्गावर अर्धा-पाऊण तास एकसारखे चालले की हे आपोआप घडते. कोथरूडहून ऑफिसला पाच-सहा किलोमीटर, मध्ये दहा सिग्नल, आणि शनिवारी ताम्हिणीच्या जंगलवाटेवर पहिल्या गिअरमध्ये, अशा वापरात ते घडत नाही. मग संगणक जादा डिझेल फवारून तापमान वाढवू पाहतो. तेवढ्यात आपण घरी पोहोचून इंजिन बंद करता, आणि न जळलेले डिझेल सिलिंडरच्या भिंतीवरून ऑइलमध्ये उतरते. हे वारंवार झाले, तर ऑइल पातळ होते आणि पट्टीवरची पातळी वर चढते. ऑइल कमी झाल्याची काळजी सगळे घेतात. बीएस-६ डिझेलमध्ये पातळी वाढली तरी तितक्याच तातडीने गाडी सेवा-केंद्रात न्यावी, कारण पातळ झालेल्या ऑइलवर बेअरिंग आणि टर्बो झिजतात.

म्हणून आपला आठवडा खरोखर असाच जाणार असेल, तर मी आपल्याला पेट्रोल थारचा विचार करायला सांगेन. तिच्या दोन लिटर टर्बो पेट्रोल इंजिनाची ओढही मॅन्युअल गिअरबॉक्सवर ३०० न्यूटन-मीटर आहे. इंधन जास्त लागेल, पण फिल्टरची डोकेदुखी राहणार नाही. डिझेलच घ्यायचे ठरले, तर आठवड्यातून एकदा तरी मुंबई किंवा सातारा रस्त्यावर पुरता अर्धा तास एका वेगात गाडी चालवावी, डीपीएफचा दिवा लागला की तो विझेपर्यंत इंजिन बंद करू नये, आणि कंपनीने सांगितलेले कमी राखेचे ऑइलच घालावे. जळालेल्या काजळीची जागा मोकळी होते, ऑइलची राख मात्र फिल्टरमध्ये कायमची साठते. वाळलेल्या गवतात गाडी उभी करून काजळी जाळण्याची क्रिया चालू ठेवू नये. धूरनळी त्या वेळी आग लावण्याइतकी तापलेली असते, आणि मार्च-एप्रिलमध्ये आपल्या डोंगरांवर वणवा पेटायला तेवढे पुरते.

प्रश्न : नोकरीनिमित्त केनियात आहे. येथे १एचझेड डिझेल इंजिनाची टोयोटाची जुनी लँड क्रूझर घेतली आहे. इंजिन उत्तम आहे, पण चढावर दम कमी वाटतो. टर्बो बसवून घ्यावा का? (एक वाचक, नैरोबी)

उत्तर : आपल्याकडे जगातल्या सर्वांत टिकाऊ डिझेल इंजिनांपैकी एक आहे. ४१६४ सीसी, एका ओळीत सहा सिलिंडर, यांत्रिक पंप, टर्बो नाही, आणि एवढ्या मोठ्या इंजिनातून सुमारे १३० अश्वशक्ती आणि २८५ न्यूटन-मीटरच काढलेले. त्याच्या दीर्घायुष्याचे मुख्य कारण हेच की त्याच्याकडून त्याच्या ऐपतीपेक्षा कमी काम घेतले आहे. शिवाय नैरोबी समुद्रसपाटीपासून जवळपास १७०० मीटर उंचीवर आहे. तिथल्या विरळ हवेत बिनटर्बोच्या इंजिनाची ताकद सुमारे एक षष्ठांशाने घटते, तेव्हा आपल्याला जाणवतो तो दमाचा अभाव इंजिनाचा दोष नाही.

१एचझेडमध्येही डिझेल हेडमधल्या कप्प्यात पेटते. टर्बो लावून डिझेल वाढवले की त्या कप्प्यांभोवतीचे हेड आणि पिस्टनचा माथा तापतो आणि तडे जातात. कंपनीने त्याच मापाची टर्बो इंजिने काढली, तेव्हा १एचडी-टी हे थेट फवारणीचे वेगळे इंजिन बनवले. केवळ टर्बो जोडून काम भागले नाही, हे त्यावरून लक्षात यावे. एअर फिल्टर, पंपाचे टायमिंग आणि नोझल तपासून घ्याव्यात, टायर मूळ मापापेक्षा मोठे बसवलेले असतील तर ते बदलावेत, आणि टायमिंग बेल्ट केव्हा बदलला याची नोंद मिळत नसेल तर तो न थांबता नवा घालावा. तो तुटला तर व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटतात. टर्बोसाठी ठेवलेले पैसे या कामांत पुरेसे सत्कारणी लागतील.

प्रश्न : त्र्यंबकच्या बाजूला ओढा ओलांडताना आमची डिझेल जीप पाण्यात बंद पडली. सोबतचे म्हणाले, डिझेल इंजिनात ठिणगी नसते, पाण्याने काही होत नाही, पुन्हा स्टार्टर मारा. आम्ही मारला नाही, गाडी ओढून काढली. बरोबर केले का? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : अगदी बरोबर केले, आणि त्यामुळे कदाचित आपले इंजिन वाचले आहे. ठिणगीची वायरिंग नसल्याने ती भिजून डिझेल इंजिन बंद पडत नाही, एवढेच त्या सल्ल्यात तथ्य आहे. हवेच्या मार्गाने पाणी सिलिंडरमध्ये गेले, तर डिझेल इंजिनाचे नुकसान पेट्रोलपेक्षा अधिक होते, कारण त्याच्या पिस्टनवरची जागा फारच थोडी असते. हवा दाबली जाते, पाणी दाबले जात नाही. स्टार्टर फिरवला की पिस्टन त्या पाण्यावर आदळतो आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. वाकलेला रॉड कधी कधी लगेच तुटत नाही. इंजिन सुरू होते, महिनाभर चालते आणि मग एके दिवशी ब्लॉक फोडून बाहेर येते.

आता एअर फिल्टरचा डबा उघडून कागद ओला आहे का, ते पाहावे. तो कोरडा असेल, तर पाणी आत गेलेले नाही आणि बंद पडण्याचे कारण इंधनात किंवा इतरत्र शोधावे. ओला असेल, तर आपल्या इंजिनात हीटर प्लग असल्यास ते, नसल्यास नोझल काढून सिलिंडरची तोंडे मोकळी करावीत आणि इंजिन प्रथम हाताने, मग स्टार्टरने फिरवून पाणी बाहेर फेकू द्यावे. त्या वेळी तोंडावर कोणी वाकून उभे राहू नये. नंतर कॉम्प्रेशन मोजावे. एखाद्या सिलिंडरचा आकडा इतरांपेक्षा कमी आला, तर रॉड वाकून पिस्टन पुरता वर पोहोचत नसल्याची शक्यता आहे आणि इंजिन उघडल्याशिवाय चालवू नये. चारही आकडे सारखे आले, तर इंजिनाचे ऑइल, ऑइल फिल्टर आणि डिझेल फिल्टर बदलून वॉटर सेपरेटरमधले पाणी काढावे. गिअरबॉक्स आणि दोन्ही डिफरन्शियलचे ऑइलही तपासावे, कारण गरम डिफरन्शियल थंड पाण्यात बुडाला की त्याच्या ब्रीदरमधून (हवेच्या छिद्रातून) पाणी आत ओढले जाते. इंजिनाचे नवे ऑइल शंभरेक किलोमीटरनंतर पुन्हा एकदा काढून पाहावे आणि ते जरा जरी दुधाळ दिसले, तरी दुसऱ्यांदा बदलावे.